डिसॅबिलिटी पेन्शन नाकारल्याचं पत्र ट्रंकेत ठेवून देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सैन्यात २४ वर्षं क्लार्क होतो. त्यातली पाच वर्षं एका रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोकरीचे आणि पेन्शनचे कागद जिथे असतात तिथे गेली, आणि तिथे माझ्या टेबलावरून जसली पत्रं रोज बाहेर पडायची तसलंच एक पत्र मला माझ्या बहिणीच्या घरी, माझ्या दाजींच्या काळ्या ट्रंकेत सापडलं, म्हणून आज हे लिहायला बसलोय. ते पत्र काही मी टाईप केलेलं नव्हतं, तोवर मी रिटायर होऊन घरी आलो होतो, पण त्यातला शब्दन् शब्द माझ्या ओळखीचा होता. फॉर्मॅट कॉम्प्युटरमध्ये सेव्ह केलेला असायचा, आर्मी नंबर बदलायचा, रँक बदलायची, नाव बदलायचं, आजाराचं नाव बदलायचं, बाकी सगळं तेच. मधली ओळ तर मला आजही झोपेतून उठवून विचारली तरी पाठ आहे, की सदर आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि लष्करी सेवेमुळे वाढलेलाही नाही, सबब डिसॅबिलिटी पेन्शन देय नाही. डिसॅबिलिटी पेन्शन म्हणजे सर्व्हिसमुळे आलेल्या अपंगत्वासाठी मिळणारी पेन्शन. मूळ वाक्य इंग्रजीत असायचं, 'नीदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड', त्याची पहिली अक्षरं घेऊन ऑफिसात त्याला 'नाना' म्हणायचे. हा नाना आहे का, हो नाना आहे, मग लाव तो फॉर्मॅट. दिवसाला अशी किती पत्रं गेली मी मोजलं नाही, आणि त्या वेळी त्या पत्राच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही हे मला इथे लिहायला लाज वाटते पण खरं आहे ते.

दाजी तोफखान्यातले. १९९५ ला भरती झाले, २०१९ ला हवालदार म्हणून घरी आले. ऑफिसातले नाहीत, प्रत्यक्ष तोफेवर काम करणारे, कारगिलच्या वेळी द्रासच्या बाजूला बोफोर्सवर होते. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले असं सांगतात, आता ते कोणीतरी उचलून तोफेत भरले आणि कोणीतरी तोफेच्या शेजारी उभं राहूनच डागले ना. दाजी सांगतात, कानात कापूस घालायचा आणि तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे पडदा फाटत नाही. पडदा फाटला नाही हे खरंच. पण ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं, आणि एक बारीक आवाज कायमचा कानात राहिला, रातकिडा ओरडतो तसा, रात्री सगळं शांत झालं की तो जास्त ऐकू येतो म्हणून ते रेडिओ लावून झोपतात.

पहिल्यांदा कळलं ते अक्काला, माझ्या बहिणीला. सुट्टीवर आले की चहा ठेवू का म्हणून ती आतून विचारायची आणि ह्यांचं उत्तरच नाही, तिला वाटायचं रागावलेत. मग २०१४ ला वार्षिक मेडिकलमध्ये मिलिटरी हॉस्पिटलला मशीनवर कान तपासले तेव्हा रीतसर कागदावर आलं, दोन्ही कानांची ऐकण्याची शक्ती कमी, नसांचा दोष. लो मेडिकल कॅटेगरी झाली, म्हणजे पूर्ण फिट नाही असा शेरा. त्या वेळी युनिट पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत भागातल्या छावणीत होतं. आणि पुढचं सगळं रामायण ह्या एका शब्दावर झालंय, साहेब. २०१९ ला घरी येताना रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे रिटायर होतानाची डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी झाली, बोर्डाने डिसॅबिलिटी २० टक्के, कायमची, असं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं की आजार पीस स्टेशनला सुरू झाला, सर्व्हिसच्या ताणाशी संबंध नाही. म्हणजे नाना.

आता जरा विचार करा. आजार पीस स्टेशनला सुरू झाला की पीस स्टेशनला सापडला? कान तपासायचं मशीन हॉस्पिटलात असतं, ते काय डोंगरावर तोफेच्या बाजूला ठेवलेलं नसतं. गोळे पडत असताना कोण जाऊन म्हणणार की साहेब मला उजव्या कानाने जरा कमी येतंय. माणूस पीस स्टेशनला येतो, तिथे वार्षिक तपासणी होते, तिथे ते सापडतं, आणि मग ज्या ठिकाणी सापडलं त्या ठिकाणाचं नाव आजाराच्या जन्मगावासारखं लिहिलं जातं. ही नुसती कानाची गोष्ट नाही, बीपी, शुगर, पाठ, गुडघे, सगळ्यांचं असंच होतं.

आणि भरतीच्या वेळी काय करतात हे ज्यांनी भरती पाहिली आहे त्यांना माहीत आहे. डॉक्टरकडे पाठ करून पोराला उभं करतात, एक कान बंद करायला लावतात आणि सुमारे सहा मीटरवरून हळू कुजबुजतात, ते ऐकून बरोबर सांगता आलं पाहिजे, मग दुसरा कान. नाही सांगता आलं तर घरी पाठवतात. १९९५ ला दाजी ह्या परीक्षेत पास झाले होते, दोन्ही कानांनी. मग २४ वर्षांनी त्याच सरकारच्या डॉक्टरने लिहिलं की ह्यांना कमी ऐकू येतं. मधली २४ वर्षं हा माणूस कुठे होता? तोफेवर होता. मग हे सिद्ध करायला आणखी काय कागद पाहिजे?

मला स्वतःला नोकरीत असताना जे कधी कोणी समजावलं नाही ते नंतर वाचून कळलं, की नियम जवानाच्या विरुद्ध नव्हतेच. १९८२ चे जे एंटायटलमेंट रूल्स आहेत त्यात चक्क लिहिलं होतं की भरतीच्या वेळी कागदावर कुठला आजार नोंदलेला नसेल तर माणूस धडधाकट होता असं गृहीत धरायचं, आणि पुढे मेडिकल ग्राउंडवर घरी पाठवला तर तब्येत सर्व्हिसमुळेच बिघडली असं धरायचं, आणि हे सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही, शंका असेल तर फायदा जवानाला. २००८ च्या नियमांत भाषा बदलली, कडक झाली, पण तिथेही साधारणपणे जवानाकडे पुरावा मागायचा नाही हे राहिलंच, फक्त एक अट आली की घरी आल्यावर १५ वर्षं उलटून गेल्यावर दावा केला आणि तोवर सर्व्हिसचे कागद नष्ट झालेले असले तर मग सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. ही १५ वर्षांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून परत नवीन नियम आले, त्यानंतर रिटायर झालेल्यांना ते लागतात, सर्व्हिस पूर्ण करून येणाऱ्यांसाठी त्यात डिसॅबिलिटी पेन्शनच्या जागी इम्पेअरमेंट रिलीफ असा शब्द आलाय. तेव्हा आपण कुठल्या तारखेला घरी आलो ते आधी बघायचं, दुसऱ्याचा अर्ज बघून तसाच्या तसा उतरवायचा नाही.

सुप्रीम कोर्टात ह्यावर खूप निकाल झालेत पण एकच सांगतो, धरमवीर सिंग यांचा. सिग्नल्स कोअरमध्ये १९८५ ला भरती, फिट येतात म्हणून १९९४ ला बोर्ड आऊट, म्हणजे आजारामुळे मुदतीआधीच घरी. डिसॅबिलिटी २० टक्के, आणि कारण दिलं की हा शरीराचा मुळातला दोष आहे, सर्व्हिसशी संबंध नाही. २ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी तुम्हाला हा दोष दिसला नव्हता, तुम्ही त्याची नोंद केली नाही, आणि तो तेव्हा का दिसला नसता ह्याचं कारणही बोर्डाने लिहिलं नाही, तेव्हा पेन्शन द्या. निकाल चांगला आहे, सगळीकडे ह्याचा दाखला देतात. पण १९९४ ते २०१३ म्हणजे १९ वर्षं झाली साहेब. भरती झालेला तरुण ह्यात म्हातारपणाकडे झुकला. आणि आता मे २०२५ मध्ये परत सुप्रीम कोर्टाला एका मानसिक आजाराच्या केसमध्ये सांगावं लागलं की मेडिकल बोर्डाने नुसता शेरा मारून चालणार नाही, कारण लिहिलं पाहिजे. १२ वर्षांनी परत तेच सांगावं लागतं ह्याचा अर्थ काय तो वाचकांनीच लावावा.

पैसे किती असतात असं मला लोक विचारतात, काही जणांना वाटतं लाखात असतील म्हणून सरकार देत नाही. तर हिशोब असा. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या, म्हणजे बेसिक, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून, ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग मिळतो आणि टक्केवारी कमी तसा तो कमी होतो. समजा हा आकडा ४५,००० आहे, तर १०० टक्क्याला झाले १३,५००, आणि २० टक्क्याला २,७००. पण इथे एक राउंडिंगची तरतूद आहे, ५० च्या खाली असेल तर ५० धरायचं, पुढे ७५ आणि १००, त्या हिशोबाने २,७०० चे ६,७५० होतात, वर महागाई भत्ता. ही राउंडिंग आधी फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना देत होते, टर्म पूर्ण करून आलेल्यांना देत नव्हते, त्यावरून सरकारने जवानांच्या विरोधात शेकडो अपिलं सुप्रीम कोर्टात नेली होती आणि १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये ती सगळी फेटाळली गेली. दाजींसारखे टर्म पूर्ण करून आलेले त्यात बसतात. महिन्याला साडेसहा सात हजार हे कोणाला किरकोळ वाटेल, पण कानात घालायच्या मशीनची एक जोडी कितीला येते ते दुकानात जाऊन विचारा, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला सिक्युरिटी गार्डची नोकरीसुद्धा कोणी देत नाही, दाजींना दोन ठिकाणी नाही म्हणाले. रात्री गेटवर हाक मारली तर ऐकू येणार का, असं विचारलं. खरंच आलं नसतं.

मग दाजींनी पत्र आल्यावर काय केलं? काही नाही. २०२० च्या लॉकडाऊनच्या आसपास पत्र आलं, इंग्रजीत, त्यांनी वरचं वाचलं, नॉट असं कुठेतरी दिसलं, घडी घातली आणि ट्रंकेत तळाला, डिस्चार्ज बुकच्या खाली ठेवलं. अक्कालाही सांगितलं नाही. २०२४ च्या दिवाळीत भाच्याच्या कॉलेजच्या फॉर्मला एक दाखला लागत होता म्हणून मी ट्रंक उपसत होतो तेव्हा ते हातात आलं. मी विचारलं, दाजी हे काय, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "पाव्हणं, सरकारनंच न्हाई म्हणून लिवलंय, आता कुणाकडं जायाचं?"

ह्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितोय असं समजा. सैन्यात माणूस २४ वर्षं एकच शिकतो की वरून आलेला कागद म्हणजे ऑर्डर, आणि ऑर्डरवर प्रश्न विचारायचा नसतो. तोच माणूस घरी येतो, त्याला कागद येतो, तो कागद पण त्याच ऑफिसातून, तोच गोल शिक्का, खाली तशीच साहेबांची सही. त्याला वाटणार ना की ही ऑर्डर आहे. अपील करणं म्हणजे आपल्याच पलटणीशी भांडणं असं त्याला वाटतं. त्याला कोणीतरी हे सांगायला पाहिजे की ही ऑर्डर नाही, हा एक निर्णय आहे, आणि निर्णयावर अपील करणं हा तुझ्याच नियमांत लिहिलेला रस्ता आहे. पत्रात ते लिहिलेलंही असतं, मी खोटं बोलणार नाही. शेवटच्या परिच्छेदात असतं की सहा महिन्यांत अपीलेट कमिटीकडे अपील करता येईल. पण ते शेवटी, इंग्रजीत, चार नियमांचे नंबर झाल्यावर. मी स्वतः ते टाईप करायचो आणि मला सुद्धा कधी वाटलं नाही की हे वाक्य वरती, ठळक, त्या माणसाच्या भाषेत पाहिजे.

दुसरा एक कागद मी असाच आमच्या शेजारच्या गावात पाहिला. तिथला एक शिपाई मानसिक आजाराने घरी पाठवलेला, नाव गाव सांगत नाही. त्याला आलेलं पत्र त्याच्या आईने देव्हाऱ्यात ठेवलं होतं, हळदीकुंकवाच्या डबीखाली. सरकारी कागद आहे, सांभाळून ठेवायचा, एवढंच तिला माहीत. कागदाला कुंकवाचा डाग पडला होता. तिने मला विचारलं, ह्यात पगार चालू होईल असं लिहिलंय का? मी काय सांगणार? आता बघा, ज्या माणसाला डोक्याच्या आजारामुळे घरी पाठवलं, त्याच्याच नावाने पत्र पाठवायचं, त्यानेच ते वाचायचं, सहा महिने मोजायचे, मुद्देसूद अपील लिहायचं. आजारच असा की तो हे करू शकत नाही, आणि नाही केलं तर त्याने मान्य केलं असं धरतात. ह्या माणसाला घरी येऊन १३ वर्षं झालीत. वर मी १५ वर्षांची अट सांगितली ती ह्यासाठी. दोन वर्षांनी त्याच्या आईला सांगतील की कागद आमच्याकडे राहिले नाहीत, आता तुम्ही सिद्ध करा.

उशिराचा आणखी एक फटका आहे. तरसेम सिंग म्हणून जवान १९८३ ला बोर्ड आऊट झाले, कोर्टात गेले १९९९ ला. २००८ ला सुप्रीम कोर्टाने त्यांचा हक्क मान्य केला, पेन्शन ही दर महिन्याला चालू राहणारी गोष्ट आहे म्हणून उशीर झाला तरी दार बंद होत नाही असं सांगितलं, पण थकबाकी मात्र कोर्टात जाण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच दिली. बाकीची वर्षं गेली. म्हणून ज्यांना पत्र आलंय आणि जे बघू नंतर म्हणतायत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की रोजचा दिवस हा पैशात मोजला जातो.

करायचं काय ते पण सांगतो, कारण मला फोन येतात तेव्हा सगळे हेच विचारतात. सगळ्यात आधी मेडिकल बोर्डाची पूर्ण कॉपी हातात घ्या, नुसतं नाकारल्याचं पत्र घेऊन वकिलाकडे पळू नका. कॉपी नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कॉपी आली की टक्केवारी बघू नका, त्याच्या आधी तो रकाना बघा जिथे आजार सर्व्हिसमुळे आहे का, सर्व्हिसने वाढला का, हो नाही आणि कारण लिहिलेलं असतं. तुमची सगळी लढाई त्या बोटभर जागेत आहे. दाजींच्या कॉपीत तिथे दीड ओळ होती. त्या दीड ओळीला उत्तर म्हणून आम्ही त्यांच्या सगळ्या पोस्टिंग काढल्या, कुठल्या वर्षी फायरिंग रेंजला किती वेळ होते, फील्डमध्ये किती, कारगिल कधी, भरतीच्या मेडिकलमध्ये कानाच्या जागी नॉर्मल लिहिलंय ते पान, २०१४ च्या आधीच्या वार्षिक मेडिकलची पानं. अपिलात रडगाणं नको, घरची परिस्थिती हलाखीची आहे वगैरे दोन पानं लोक लिहितात, त्याचा उपयोग होत नाही, तारीख आणि जागा लिहा. भरतीला कान चांगले होते, एवढी वर्षं तोफेवर होतो, कानात दुसरं काही कारण असल्याचं बोर्डाने कुठेही लिहिलेलं नाही. बस. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती अर्जाच्या झेरॉक्सला चिकटवून ठेवा. सहा महिने उलटून गेले असतील तर उशीर का झाला ते खरं खरं लिहा आणि तरी पाठवा.

पहिलं अपील फेटाळलं तर परत सहा महिन्यांत दुसरं अपील, ते वरच्या कमिटीकडे जातं. तिथेही नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यातल्या लोकांच्या केसेस ऐकणारं वेगळं कोर्ट. हे ट्रिब्युनल २००७ च्या कायद्याने झालं, २००९ ला सुरू झालं, आपल्याला दिल्लीला जायला लागत नाही, मुंबईला त्याचं बेंच आहे. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच नाही तरी ट्रिब्युनलला जाता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं, लोक उत्तराची वाट बघत वर्षं घालवतात. ट्रिब्युनलच्या पुढे हायकोर्टाचा रस्ता मध्यंतरी बंद झाल्यासारखा होता, तो मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत मोकळा केला. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका, १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना आणि अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. कमिशनवर केस घेतो, थकबाकीतले एवढे टक्के दे म्हणणारे लोक कँटीनच्या बाहेर भेटतात, त्यांना आपले मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या, मूळ कागद गेले की गेले.

ह्यावर दुसरी बाजू आहे ती मला माहीत आहे. काही लोक खोटं सांगून डिसॅबिलिटी घेतात, अधिकाऱ्यांत डिसॅबिलिटी घेणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा जास्त आहे ह्यावर सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनेही बोट ठेवलंय, मग तपासायचं नाही का? तपासा की. कडक तपासा. माझं म्हणणं तपासू नका असं नाहीच. पण तपासणं म्हणजे त्या माणसाचा कागद वाचणं, तो कुठे होता, काय करत होता हे बघणं, आणि मग जे ठरेल त्याचं कारण त्याला समजेल असं लिहिणं. एका फॉर्मॅटमध्ये आजाराचं नाव घालणं ह्याला तपासणं म्हणत नाहीत, मी ते केलंय म्हणून सांगतो. त्या फॉर्मॅटमध्ये खोटा माणूस पण नाना आणि खरा माणूस पण नाना. आणि होतं काय, ज्याला इंग्रजी येतं, ज्याच्या ओळखी आहेत, तो अपील करून पेन्शन मिळवतो, त्यात खोटाही पास होतो, आणि ज्याने ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यात पत्र ठेवलं तो खरा असूनही राहतो.

२०१५ ला मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते तेव्हा त्यांनी तज्ज्ञांची एक समिती नेमली होती, त्यांनीही सांगितलं की अशा डिसॅबिलिटीच्या केसेस जवानांच्या विरोधात लढवत बसू नका. दहा वर्षं झाली. मी काही मोठ्या धोरणावर बोलणारा माणूस नाही, मला फक्त त्या पत्राबद्दल बोलता येतं कारण ते माझ्या हातून गेलंय. नाकारायचं असेल तर नाकारा, पण पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, त्याच्या भाषेत लिहा की तुम्हाला अपील करता येतं आणि शेवटची तारीख अमुक आहे. तारीख घाला, सहा महिने असं मोघम नको. बोर्डाची कॉपी न मागता जोडा, आरटीआय कशाला करायला लावता? आणि त्या पत्राची एक प्रत त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवा, म्हणजे तिथला माणूस फोन करून विचारेल की पत्र मिळालं का, समजलं का. मानसिक आजाराच्या केसमध्ये तर घरच्यांना वेगळं पत्र गेलंच पाहिजे. ह्यात एक रुपया जास्तीचा जात नाही, फॉर्मॅट बदलायचा आहे, आणि फॉर्मॅट बदलायला अर्धा तास लागतो हे मी क्लार्क म्हणून सांगतो.

जुलै २०२५ ला नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना सुरू केली, त्यात सैनिक बोर्डाच्या ऑफिसात कायदेशीर मदत केंद्र उघडायचं आहे. फार चांगली गोष्ट आहे. माझी विनंती आहे की तिथे वकिलाच्या शेजारी एक जुना क्लार्क बसवा, ज्याला मेडिकल बोर्डाचा फॉर्म वाचता येतो. आमच्यासारखे रिटायर क्लार्क प्रत्येक तालुक्यात चार दोन तरी आहेत. त्यांनाही मी ह्या पत्रातून सांगतो, आपण ज्या भाषेत पत्रं काढली ती भाषा आपल्यालाच येते, रविवारी दोन तास कुठेतरी बसा, मंदिरात बसा, ग्रामपंचायतीत बसा, आलेला कागद वाचून मराठीत सांगा, बास. मी बसतो. आतापर्यंत एकोणीस जण कागद घेऊन आले, त्यातल्या तेरा जणांना अपील असतं हेच माहीत नव्हतं. देव्हाऱ्यातल्या कागदाचं पण अपील गेलंय, सही आईची आहे, खाली मुलाचा अंगठा.

दाजींच्या पहिल्या अपिलाचं उत्तर गेल्या महिन्यात आलं. उशीर त्यांनी माफ केला, पण निकाल तोच, वाक्य तेच, पीस स्टेशन तेच. कारगिलबद्दल आम्ही जे पान भर लिहिलं होतं त्यावर एक शब्द नाही. पण ह्या वेळी ते पत्र ट्रंकेत गेलं नाही. पोस्टमन दारातून वळला असेल नसेल तोच त्यांचा मला फोन आला, नेहमीसारखा स्पीकरवर, इतक्या मोठ्याने बोलत होते की माझी बायको आतून बाहेर आली. म्हणाले, "पाव्हणं, आलं बघा. तारीख लिहून घ्या, सहा म्हैनं आजपासनं मोजायचं."

आपला,
एक माजी हवालदार (क्लार्क),
जि. सातारा